‘डॉस’ म्हणजे नेमकं कुठलं? : कमांड लाइनची पार्श्वभूमी

सांगलीत एखादं पोरगं लॅपटॉपवर लिनक्स या कार्यप्रणालीचं टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, उघडून बसलं, की मागनं कुणीतरी हमखास विचारतं, “डॉस शिकतोयस व्हय?” पोरगं मान डोलावतं, कारण समजावत बसायला वेळ नसतो. डॉस ही विंडोजच्या आधीची पीसीवरची कार्यप्रणाली, लिनक्स वेगळंच. पण नवशिक्याची निम्मी गोची या एका शब्दात आहे.

फार मागं जायची गरज नाही. 1969 मध्ये युनिक्सचं (ज्याच्या धर्तीवर पुढं लिनक्स बनलं) काम सुरू झालं तेव्हा समोर पडदा नव्हता, कागदावर सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं छापणारा टेलिटाइप होता. एलएस (यादी दाखव), सीपी (नक्कल कर), एमव्ही (हलव) या आज्ञा इतक्या तोकड्या का, याचं बरंचसं उत्तर तिथंच मिळतं.

आपल्याकडं काळा पडदा आला तो नव्वदच्या दशकातल्या संगणक क्लासमधून, आणि डॉसच्या रूपानं. चपला बाहेर काढायच्या, एसीच्या खोलीत जायचं (एसी यंत्रासाठी, आपल्यासाठी नव्हे), एका पीसीसमोर दोघांनी बसायचं. वहीत इंटरनल कमांड आणि एक्स्टर्नल कमांड असे दोन रकाने. डिर, कॉपी, डेल इकडं. फॉरमॅट, डिस्ककॉपी तिकडं. परीक्षेला फरक विचारायचे, म्हणून तो पाठ व्हायचा. गंमत अशी, की लिनक्समध्ये तो रकानाच फिरतो: डिर डॉसच्या पोटातली आज्ञा, पण तेच काम करणारं एलएस ही डिस्कवरची स्वतंत्र फाइल. हे त्या वेळी कुणी सांगितलं नाही. सांगायला समोर दुसरं काही नव्हतंच.

मग विंडोज 95 आलं आणि 2001 मध्ये एक्सपी. एक्सपीच्या खाली डॉस उरलं नव्हतं. काळी खिडकी हा विंडोजचाच एक प्रोग्राम होता. दिसायला तशीच, म्हणून नाव तेच राहिलं. संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमांनी पुढं सगळा भर माऊसवर दिला आणि ही खिडकी बिघाड झाला की दुकानदारानं उघडायची चीज झाली.

शब्दाला तिसरा अर्थ दिला लॅपटॉपच्या दुकानांनी. ‘विथ डॉस’ म्हणजे विंडोज नसलेला, काही हजारांनी स्वस्त. आत असलंच तर 1994 पासून चालत आलेलं फ्रीडॉस (डॉसचा फुकटातला भाऊ), नाहीतर काहीच नाही. बहुतेकांना त्यावर लगेच ‘क्रॅक’ विंडोज टाकून मिळायचं. काहींनी मात्र पैसे वाचवायला उबंटू हे लिनक्स टाकलं. म्हणजे लिनक्सकडं काहीजण डॉसच्या पाटीखालूनच आले.

आता उलट्या तिरक्या रेघेचं प्रकरण, कारण सगळ्यात जास्त पाय तिथंच अडकतात. 1981 च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हते. आज्ञेला पर्याय जोडायला सरळ तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, वापरत. 1983 च्या आवृत्तीत फोल्डर आले, तोवर स्लॅशची जागा अडली होती. म्हणून मार्गासाठी, म्हणजे फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते लिहायला, बॅकस्लॅश घेतला. युनिक्स आधीपासून मार्गासाठी स्लॅशच वापरत होतं. जुन्या आज्ञा मोडू नयेत हा डॉस बनवणाऱ्यांचा मुद्दा बरोबर, तरी आजही तो निर्णय तात्पुरत्या सोयीचा वाटतो. विंडोज आतल्या आत बहुतेक ठिकाणी दोन्ही रेघा चालवून घेतं, म्हणजे अट तेवढी भक्कम नव्हतीच. किंमत नवशिका मोजतो. लिनक्समध्ये बॅकस्लॅशचा अर्थ ‘पुढच्या चिन्हाचा खास अर्थ सोड’. सवयीनं फोल्डर बदलायला ‘सीडी हिशोब\मार्च’ लिहिलं की शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्राम) रेघ गिळून ‘हिशोबमार्च’ शोधतं आणि असं काही नाही म्हणून मोकळं होतं. चूक दिसत नाही, कारण आपण लिहिलेलं बरोबरच दिसत असतं.

नुसतं सीडी लिहिलं तर डॉस ‘तू इथं आहेस’ सांगतं, लिनक्स गपचूप घरी नेऊन सोडतं. डॉस 5 मध्ये पुसलेली फाइल परत आणायला अनडिलीट होतं. आरएम या पुसायच्या आज्ञेनं गेलेली फाइल परत मागायची तशी सोय लिनक्समध्ये नाही.

2016 पासून विंडोजच्या आतच लिनक्स चालवता येऊ लागलं. आता एकाच खिडकीत एका टॅबला जुनी कमांड प्रॉम्प्ट, शेजारी लिनक्सचं शेल बॅश, आणि विंडोजचंच नवं शेल पॉवरशेल, त्याच्या टॅबला तर डिर आणि एलएस दोन्ही चालतात. जुना गोंधळ मिटायच्या ऐवजी एका छताखाली आला.

मराठीचं दुखणं निराळंच. ‘विश्रामबाग’ नावाचा फोल्डर बिनतक्रार तयार होतो, पण बऱ्याच टर्मिनलांत ‘वि’ची वेलांटी भलतीकडं सरकते, ‘श्रा’ फुटतो आणि कर्सर शब्दाच्या पुढं-मागं भटकतो. टर्मिनल अजून प्रत्येक अक्षराला ठरलेल्या मापाचा चौकोन देतं. जोडाक्षर किती चौकोनांत बसवायचं यावर सगळ्या प्रोग्रामांचं एकमत झालेलं नाही. म्हणून इथली मुलं फोल्डरला अजून इंग्रजी अक्षरांतच नावं देतात.