‘कोडिंग रक्तातच असावं लागतं’ हे खरं नाही

प्रोग्रामिंग काहींना जन्मतःच जमतं, बाकीच्यांनी नादी लागू नये, ही समजूत वर्षानुवर्षं फिरते आहे. तिला आधार म्हणून २००६ मधला सईद देहनदी आणि रिचर्ड बोर्नाट या संशोधकांच्या शोधनिबंधाचा मसुदा दाखवला जायचा. शिकवण्याआधीच घेतलेल्या एका चाचणीतून कोण प्रोग्रामर होईल ते कळतं, असा त्यात दावा होता. २०१४ मध्ये बोर्नाट यांनी तो दावा जाहीरपणे मागे घेतला. पुढे एका विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या ७७८ वर्गांच्या निकालांची तपासणी झाली. ‘येणारे’ आणि ‘न येणारे’ असे गट पडायचे तर गुणांच्या आलेखाला एकाहून जास्त उंचवटे हवेत. तसे ते जेमतेम ५.८ टक्के वर्गांच्या निकालांत सापडले.

तरीही नवशिक्याला ही समजूत पटते, आणि याचं मला फार वाईट वाटतं. पटण्याचं कारण स्क्रीनवर असतं. एक कंस बंद करायचा राहतो आणि कंपायलर, म्हणजे आपला कोड संगणकाच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, वीस चुका दाखवतो. त्या चुका वीस नसतातच! एका जागी वाट चुकली की पुढच्या बरोबर ओळीही त्याला चुकीच्या दिसू लागतात. म्हणून सगळ्यात वरचा संदेश आधी वाचा, तेवढंच दुरुस्त करा, पुन्हा चालवा. बरेचदा उरलेले संदेश आपोआप नाहीसे होतात.

अनुभवी लोकांच्याही स्क्रीनवर रोज हेच लाल संदेश येतात. त्यांनी ते शेकडो वेळा पाहिलेले असतात, एवढंच.