एका बादलीच्या दोन बादल्या

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी यायला लागलं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी फरशी पुसायला रोज पाचच लिटर पाणी मिळायचं. आई तेही एका बादलीत ठेवत नसे. अर्धं एका घमेल्यात, अर्धं दुसऱ्यात. पोतेरं आधी पहिल्यात खळबळून पिळायचं, मग दुसऱ्यात, आणि मगच फरशीला लावायचं. "एकाच पाण्यात पिळलं की घाण फिरून फरशीवरच येती," एवढंच ती म्हणायची. तिचं म्हणणं गणिताने किती पक्कं आहे, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

पिळल्यानंतरही पोतेऱ्यात साधारण पाव लिटर मळकं पाणी उरतं असं धरू. ते ५ लिटर स्वच्छ पाण्यात खळबळलं तर एकूण पाणी होतं सव्वापाच लिटर आणि घाण त्यात सगळीकडे पसरते. पुन्हा पिळल्यावर कापडात पाव लिटर उरतं, म्हणजे २१ वा भाग. जवळपास ५ टक्के घाण कापडातच राहिली. आता त्याच पाण्याचे अडीच-अडीच लिटरचे दोन वाटे करू. पहिल्या घमेल्यातून निघताना ११ वा भाग उरतो आणि दुसऱ्यातून निघताना त्याचा पुन्हा ११ वा. म्हणजे १२१ वा भाग, एक टक्क्याहून कमी. पाणी तेवढंच, पण कापड सहापट स्वच्छ. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतही एकदम भरपूर द्रव ओतण्यापेक्षा थोड्याथोड्याने अनेकदा धुतात, ते याच कारणाने. पुसत जावं तसं दुसरं घमेलंही मळत जातं, त्यामुळे हा हिशोब सुरुवातीच्या पिळण्याचा आहे. तरी पहिल्या घमेल्यातलं पाणी काळं झालं की ते संडासात ओतावं, दुसऱ्यातलं पहिल्यात घ्यावं आणि नवं पाणी फक्त दुसऱ्यात घालावं. टंचाईच्या गावात याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

पण पाण्याला हात लावण्याआधी झाडणं आलं. आपल्याकडची धूळ म्हणजे मुख्यतः काळी माती. बेसॉल्ट खडक झिजून ती तयार झाली आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. याचे कण २ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात आणि त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतात. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात आणि पावसात त्या मिटतात, त्या याच गुणामुळे. न झाडता ओलं पोतेरं फिरवलं तर या धुळीचा पातळ चिखल होतो आणि फरशीच्या सांध्यांत जाऊन बसतो. तिथून तो काढायचा म्हणजे खरवडावंच लागतं.

झाडल्या झाडल्या लगेच पुसायलाही बसू नये. फड्याने उडालेली धूळ हवेतच असते. १० मायक्रॉनचा मातीचा कण एक मीटर खाली यायला दोन-तीन मिनिटं घेतो, पण ५ मायक्रॉनच्या कणाला आठेक मिनिटं लागतात. लहान कणांवर हवेचा विरोध वजनाच्या मानाने फार जास्त असतो. पंखा बंद ठेवून पाव तास थांबलं, तर खाली बसलेली ही बारीक धूळही पोतेऱ्यात येते.

आता पांढऱ्या डागांकडे. बोरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, असं भारतीय मानक सांगतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. समजा आपल्या बोरमध्ये १००० आहेत आणि चिंब पोतेऱ्याने दर चौरस मीटरवर ५० मिलिलिटर पाणी सोडलं. ते वाळलं की ५० मिलिग्रॅम क्षार फरशीवर राहिले. पाणी वाळताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. पाणी तापवायच्या भांड्याला आतून जी पांढरी खपली धरते, ती हीच. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने ती विरघळत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर पोतेरं पुढे सरकेपर्यंत मागची फरशी वाळलेली असते, म्हणून कापड घट्ट पिळणं आणि थोडीथोडी जागा घेऊन पुसणं महत्त्वाचं. जड पाण्यात साधा साबण घालू नका. कॅल्शियमशी मिळून त्याचा न विरघळणारा, चिकट साका होतो आणि धूळ त्यालाच धरते. डिटर्जंटचं तसं होत नाही, तेही चिमूटभरच पुरे.

हे पांढरे डाग लिंबाने किंवा व्हिनेगरने जातात, असं पुष्कळजण सांगतात. टाइल्सवर जातातही. पण मराठवाड्यातल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी आहे आणि शहाबादी म्हणजे चुनखडीच. डागही कॅल्शियम कार्बोनेटचा आणि फरशीही त्याचीच, त्यामुळे आम्ल डागासोबत फरशीही खातं. तिची तुकतुकी गेली की पृष्ठभाग खरबरीत होतो आणि मळ आणखी धरतो. शहाबादीवर ॲसिड तर कधीच टाकू नये. आणि फरशी कोणतीही असो, ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

फिनाईल शेवटी. मळक्या फरशीवर ओतलेलं जंतुनाशक मळातच खर्ची पडतं. आधी पुसून घ्यावं, मग बाटलीवर लिहिलंय तेवढं पाण्यात मिसळून फिरवावं आणि काही मिनिटं ओलं राहू द्यावं.

पोतेऱ्याची दोनदा घडी घातली की उलटसुलट मिळून आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक मळली की दुसरी पुढे करायची, म्हणजे पिळायला जाण्याचे हेलपाटेही कमी होतात. काम झाल्यावर ते मोरीच्या कोपऱ्यात ओलं टाकून ठेवलं, तर रात्रभरात त्यात जिवाणू वाढतात आणि सकाळी आपण तेच घरभर फिरवतो. आमच्या घरी दोन पोतेरी आहेत. एक हातात असतं तेव्हा दुसरं गच्चीवरच्या दोरीवर उन्हात वाळत असतं.