रिकव्हरी सॉफ्टवेअरला मालक कळत नाही

लग्नाचे फोटो उडाले की माणूस कार्ड घेऊन दुकान गाठतो आणि सांगतो, ‘तेवढे दोनशे फोटो काढून द्या.’ पण ‘तेवढेच’ काढणं सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा जमत नाही, आणि प्रायव्हसीची गोची तिथेच होते.

कॅमेऱ्यातल्या ३२ जीबी कार्डावर फॅट३२ ही फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंद ठेवायची पद्धत, असते. फोटो डिलीट केला की डिरेक्टरीतल्या (फाइलींच्या यादीतल्या) नोंदीचा पहिला बाइट २२९, म्हणजे ‘डिलीट’ची खूण, होतो आणि फॅट तक्त्यातली त्याच्या क्लस्टरांची (फाइल ज्या कप्प्यांत ठेवली त्यांची) साखळी शून्य होते. खुद्द फोटोला कोणी हात लावत नाही. क्विक फॉरमॅटमध्येही तक्ता आणि मूळ डिरेक्टरी कोरी होते, बाकीचा डेटा बहुधा जागच्या जागी राहतो.

नोंदीच गेल्या की फोटोरेकसारखी सॉफ्टवेअर्स कार्व्हिंग करतात. कार्ड पहिल्या सेक्टरपासून (साठवणीच्या छोट्या तुकड्यापासून) वाचत जायचं आणि ओळखीची खूण शोधायची. जेपेगची सुरुवात २५५, २१६, २५५ या बाइट्सनी होते, शेवट २५५, २१७ ने. मग चित्राच्या आतच २५५ आला तर? त्याच्या लगेच नंतर मुद्दाम एक शून्य लिहिलेला असतो, म्हणून घोटाळा होत नाही. कॅमेरा फोटोच्या सुरुवातीलाच छोटं थंबनेलही ठेवतो, आणि तेही स्वतंत्र जेपेगच. त्यामुळे मोठ्या फोटोच्या शेपटावर दुसरं काही लिहिलं गेलं तरी थंबनेल शाबूत निघतं. फाइल तुकड्यांत विखुरलेली असेल तर मात्र वरचा अर्धा एका फोटोचा, खालचा दुसऱ्याचा, असली जोडकामंही हाती येतात.

या पद्धतीत मूळ नाव, फोल्डर, मालक काहीच कळत नाही. फोटोरेक फाइलला सेक्टरच्या क्रमांकावरून नाव देतं. मग लग्नाच्या फोटोंबरोबर दोन वर्षांपूर्वीचा आधार कार्डाचा फोटोही वर येतो. कार्ड जुन्या बाजारातलं असेल तर आधीच्या मालकाचं घरही दिसतं, आणि एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) जीपीएस असेल तर पत्त्यासकट. गारफिंकल आणि शेलाट या संशोधकांनी २००३ साली जुन्या १५८ हार्ड डिस्क तपासल्याचं प्रसिद्ध केलं. चालू निघालेल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या फक्त १२ होत्या.

काम शक्यतो घरीच करावं. कार्डाची लॉकपट्टी खाली ओढा, आधी पूर्ण इमेज (अख्ख्या कार्डाची हुबेहूब प्रत) काढा, इंटरनेट बंद करून त्या इमेजवर कार्व्हिंग करा आणि निकाल दुसऱ्या डिस्कवर घ्या. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरू नका. त्याला अख्खी डिस्क वाचायची परवानगी द्यावी लागते. दुकानातच द्यायचं असेल तर निकाल स्वतःच्या डिस्कवर घ्या. तरी विंडोजमध्ये फोटो चाळले की थंबनेल कॅशमध्ये (विंडोजने जपलेल्या छोट्या चित्रांच्या साठ्यात) प्रती उरतात. आणि दुकानदाराने आपल्या पीसीवरची प्रत डिलीट केली, तर ती कशी परत आणायची हे त्याच्याइतकं कोणाला माहीत?

पुसायचं असेल तर ‘३५ वेळा ओव्हरराइट’चा, म्हणजे जुन्या डेटावर पुन्हा पुन्हा दुसरं काही लिहायचा, जप नको. संशोधक गुटमन यांच्या १९९६च्या लेखातली ती पद्धत जुन्या डिस्कांसाठी होती, आणि लोकांनी तिचा भूत उतरवायचा मंत्र केला असं त्यांनीच पुढे लिहिलं. आजच्या चुंबकीय डिस्कला एक पूर्ण फेरा पुरतो. विंडोजमध्ये क्विक फॉरमॅटची टिक काढली की शून्यं लिहिली जातात. एसडी असोसिएशनच्या मोफत फॉरमॅटरमध्ये ओव्हरराइटचा पर्याय आहे. ३२ जीबीला वेळ लागतो. फोन विकताना रीसेट केला की एन्क्रिप्शनची (डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या सांकेतिक लिपीची) किल्ली जाते, म्हणून अलीकडच्या अँड्रॉइडच्या आतल्या मेमरीत कार्व्हिंगला निव्वळ कचरा सापडतो. त्याच फोनमधलं मेमरी कार्ड मात्र बहुधा उघडंच असतं, ते आधी काढून घ्या.