शाळेच्या समुपदेशकासाठी वर्गणी: परवानगी कुणाला लागते, कागद कुठे अडतात

मुलांचं ऐकून घेणारं एखादं माणूस शाळेत हवं, म्हणून समुपदेशकाच्या मानधनासाठी माजी विद्यार्थी पैसे जमवू लागतात. गटावर क्यूआर कोड फिरतो आणि रक्कम जमल्यावर कुणीतरी विचारतं, "परवानगी घेतली होती का?"

आधी ठरवा, पैसे गोळा कोण करतंय. शाळा चालवणारी संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल, तर ती स्वतःच्या पावतीवर, स्वतःच्या खात्यात देणगी घेऊ शकते. माजी विद्यार्थ्यांचा गट नोंदणीकृत नसेल, तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क खालची परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच. ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा, पूर्वी परवानगी घेतली असल्यास तिचा हिशेब, अर्ज ऑनलाइन. पैसे सेक्रेटरीच्या खासगी गुगल पेवर घेऊ नका, एवढं हात जोडून सांगतो.

संस्थेचा मार्ग सोपा वाटतो, पण खरी अडचण तिथेच आहे. मोठा देणगीदार किंवा कंपनी परिशिष्ट १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, उतारा मागते. तो काढला की त्यावर विश्वस्त म्हणून दहा वर्षांपूर्वी वारलेले काका अजून हजर! कारण चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं कार्यालयाला कळवणारा अर्ज, कुणी भरलाच नाही, किंवा भरला तो कार्यालयात पडून आहे. कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. लोक हे दिवस चूक लक्षात आल्यापासून मोजतात. ते चालत नाही. उशीर झाला तर सोबत विलंबमाफीचा अर्ज जोडा आणि कारण खरं लिहा. प्रलंबित असेल तर निदान दाखल केल्याची पोच जपून ठेवा. तारखांवर तारखा पडतात, तेव्हा तोच एक कागद हातात उरतो. कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा असेल तर केंद्राच्या कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ ही नोंदणी वेगळी.

दुसरा घोळ परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांचा. न्यू जर्सीतला मित्र भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरते, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी. म्हणून पैसे घेण्याआधी पासपोर्टची प्रत मागा. मित्राला राग आला तरी मागा. विदेशी देणगीला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते. त्यासाठी साधारणपणे संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि गेल्या तीन वर्षांत कामावर १५ लाख रुपये खर्च केलेली हवी. "दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत घेऊ" हा सल्ला अजूनही दिला जातो. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती वाट बंद आहे.

पालकांकडून घ्यायचं तर पूर्णपणे ऐच्छिक. प्रवेशाच्या वेळी, फीच्या पावतीबरोबर 'समुपदेशन निधी' मागितलात तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ खाली ते कॅपिटेशन शुल्क (ठरलेल्या फीव्यतिरिक्त उकळलेली रक्कम) ठरू शकतं. दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत.

आवाहनपत्रात कुठल्याही मुलाची हकीकत घालू नका, नाव बदलूनसुद्धा. गावात ओळख पटायला इयत्ता आणि वाडी पुरते.

कागद पूर्ण होईपर्यंत टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येक वर्गात लिहून ठेवा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.