हखाना

हखाना : शब्बाथ संपल्यानंतर लागणाऱ्या गोष्टींची तयारी शब्बाथच्या दिवशी करण्यास मनाई करणारा यहुदी धर्मशास्त्रातील नियम. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत पाळला जाणारा हा विश्रामदिन मराठी वाचकाला परका नाही. या दिवशी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातील बेने इस्रायल या यहुदी समाजाला ‘शनिवार तेली’ हे नाव त्यावरूनच पडले. शब्बाथला वर्ज्य असलेली ३९ प्रकारची कामे मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात सांगितली आहेत. हखानाचा नियम त्यांच्या पलीकडचा असून तो रब्बींनी (यहुदी धर्मगुरूंनी) घालून दिलेला आहे. एरवी पूर्ण मुभा असलेली कृतीसुद्धा ती कशासाठी केली, यावरून येथे निषिद्ध ठरते.

शब्बाथच्या रात्री, म्हणजे शुक्रवारी रात्री, दिवसासाठी अंथरूण नीटनेटके करावे, पण शब्बाथनंतरच्या रात्रीसाठी करू नये, असे मिश्ना सांगते. मिश्नेचे विवेचन करणाऱ्या ताल्मूद या ग्रंथाने तोच विचार भांड्यांना लावला. रात्रीच्या जेवणाची भांडी सकाळसाठी, सकाळची दुपारसाठी आणि दुपारची तिसऱ्या प्रहराच्या जेवणासाठी धुता येतात. त्यापुढे धुवू नयेत. पेले आणि सुरया मात्र दिवसभर धुता येतात, कारण पिण्याला ठरावीक वेळ नसते. घरातल्या वागण्याकडे इतक्या बारकाईने पाहिल्यामुळेच हा नियम पाळण्याजोगा झाला आहे.

मनाईच्या कारणाबाबत मतभेद आहे. मध्ययुगीन यहुदी धर्मशास्त्रज्ञ मायमोनिडीसच्या मते भांडी धुणे हे वस्तू दुरुस्त करण्यासारखे आहे, तर त्याचा टीकाकार राबाद याच्या मते त्यात साध्या दिवसासाठी कष्ट उपसले जातात, हा दोष आहे. राबादचे कारण मला अधिक पटणारे वाटते, कारण पुढील काळात मिळालेल्या सवलती त्यातून सहज उलगडतात. उरलेले अन्न नासू नये म्हणून शीतकपाटात ठेवणे, वाचून झालेले पुस्तक सवयीने जागेवर ठेवणे अशा गोष्टींत विशेष श्रम नसतात आणि उद्याची सोय हा त्यांचा उघड हेतूही नसतो. म्हणून त्यांना सर्वसाधारणपणे परवानगी दिली जाते.

बोलण्यालाही हा नियम लागू आहे. शब्बाथला दुपारी झोपणे हा आनंदाचाच भाग मानतात, पण ‘रात्री काम करायचे आहे, म्हणून आता झोपतो’ असे म्हणू नये, असे मिश्ना बेरुरा या (मिश्नेहून वेगळ्या, अर्वाचीन) ग्रंथात सांगितले आहे.

शब्बाथला लागूनच सण आला, तर नियमाचा खरा कस लागतो, कारण पुढचा दिवस पवित्र असला तरी त्याची तयारी शब्बाथला चालत नाही. २०२१ आणि २०२५ मध्ये पेसाह या यहुदी सणाचा आदला दिवस शब्बाथ होता. अशा वर्षी सेदेरच्या, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या विधिपूर्वक, भोजनाची शक्य तेवढी तयारी शुक्रवारीच उरकतात, आणि मेज मांडायला घरची माणसे शनिवारी रात्र पडून शब्बाथ संपल्यावरच हात लावतात.