पाक दिला म्हणजे पराग दिला असं होत नाही

"मधमाश्यांना दर चार दिवसांनी खाद्य देतोय, तरी पेटीतली वसाहत वाढत नाही." हे ऐकलं की मी आधी विचारतो, खाद्य म्हणजे नक्की काय? उत्तर नेहमी एकच असतं: साखरेचा पाक. साखरेचा पाक आणि परागाची पोळी (पराग किंवा त्याच्या जागी दुसरं पीठ पाकात मळून केलेली घट्ट चकती) या दोन्हींना 'खाद्य' हा एकच शब्द वापरायची सवय लागली, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पाक सगळ्यांच्या हातातला असतो. वाढीसाठी साखर-पाणी समसमान, साठ्यासाठी दोनास एक. गूळ घालायचा नाही, पाक करपवायचा नाही. उडायला, पेटी उबदार ठेवायला, मेण करायला लागणारी ताकद त्यातून मिळते. तो मकरंदाची जागा घेतो आणि त्यात प्रथिनं शून्य असतात. पोळी घट्ट, पाक पातळ. एक पेटीतल्या चौकटींवर ठेवायची, दुसरा भांड्यात ओतायचा. हे फरक कुणालाही दिसतात.

खरा फरक अळीच्या अंगात आहे. अळीची वाढ मुख्यतः दाई माशीच्या, म्हणजे पिलांना भरवणाऱ्या माशीच्या, अन्नरसावर होते. दाई माशी पराग खाते, तिच्या डोक्यातल्या ग्रंथी त्याचा रस करतात आणि तो रस ती अळीला भरवते. म्हणजे पराग दाई माशीच्या शरीरातून जातो, तेव्हाच त्याची अळी बनते. पाकाला ही वाटच नाही.

आता बाहेर फुलं नाहीत आणि तुम्ही पातळ पाक देताय. माश्यांना वाटतं मकरंद यायला लागला, राणीला जास्त भरवलं जातं, अंडी वाढतात. तीन दिवसांनी अंडी फुटतात आणि शेकडो तोंडं अन्न मागू लागतात. पराग नाही, म्हणून दाई माश्या स्वतःच्या शरीरात साठवलेली प्रथिनं मोडून त्यांना भरवतात. तीही आटली की लहान अळ्या खाऊन टाकतात. पाकाने मागणी वाढली, पुरवठा होता तिथेच राहिला, आणि वसाहत पाक दिला नसता त्याहून कमकुवत झाली. 'पाकाने निदान नुकसान तर होत नाही' हे म्हणणं मला म्हणूनच अजिबात पटत नाही.

हे डोळ्यांनी दिसतं. चौकट उचला, ऊन तुमच्या खांद्यावरून सरळ मेणाच्या घरांच्या तळाशी पडू द्या आणि अगदी लहान अळ्या बघा. पोट भरलेली अळी पांढऱ्या दुधट रसात तरंगत असते. उपाशी अळी कोरड्या तळावर पडलेली असते, भोवती रसाचा जेमतेम ओलावा. मी पहिल्यांदा अशी चौकट पाहिली तेव्हा अंडी भरपूर होती, झाकलेली घरं थोडी होती आणि उघड्या अळ्या जवळपास नव्हत्याच. आधीचे आठ दिवस मी त्या पेटीला नेमाने पाक देत होतो. पिलांच्या कडेला परागाचा रंगीत पट्टाही उरला नव्हता, आणि तो मी तपासलाच नव्हता.

बाहेर पराग येत असेल तर हिशेब उलटा होतो. तेव्हा पाकामुळे जास्त माश्या परागाच्या कामाला लागतात आणि पाक एकटाही पुरतो. म्हणून पाक ओतण्याआधी पाच मिनिटं पेटीच्या दारात बसून माश्यांच्या मागच्या पायांवरचे परागाचे गोळे मोजा.

पोळीतही एक गल्लत आहे. पराग घातलेली पोळी पूरक, पराग नसलेली पर्यायी. पर्यायी पोळी बहुधा सोयाबीनचं पीठ आणि मद्यनिर्मितीतलं यीस्ट पाकात मळून करतात. द ग्रूट या संशोधकांनी १९५३ साली माश्यांना लागणारी १० आवश्यक अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) दाखवून दिली, त्यामुळे पिवळं पीठ म्हणजे प्रथिन असं समजून चालत नाही. शिवाय माश्यांना स्टेरॉल (वाढीला लागणारी स्निग्ध द्रव्यं) स्वतः तयार करता येत नाहीत, ती परागातूनच मिळतात. माझा कल म्हणून स्पष्ट आहे: सुगीच्या दिवसांत स्वतःच्या निरोगी पेट्यांतला थोडा पराग काढून गोठवून ठेवा आणि तोच पोळीत घाला. दुसऱ्याचा पराग नको, त्यातून फाउलब्रूड या अळ्यांच्या रोगाचे बीजाणू येऊ शकतात. दूध पावडर तर मुळीच नको, त्यातलं लॅक्टोज माश्यांना पचत नाही.

पोळी पिलांच्या अगदी वर, चौकटींच्या पट्ट्यांवर ठेवा. दाई माश्या पिलं सोडून लांब जात नाहीत. चार-पाच दिवसांत संपेल एवढीच ठेवा, वाळलेल्या पोळीला माश्या तोंड लावत नाहीत. अंड्यातून माशी बाहेर यायला साधारण तीन आठवडे आणि ती फुलांवर जायला आणखी दोन-तीन, म्हणून फुलोऱ्याच्या सहा आठवडे आधी सुरुवात करा. एकदा दिली की बाहेरचा पराग यायला लागेपर्यंत मध्येच थांबवू नका, कारण तोवर वाढवलेल्या अळ्या तिच्यावरच जगत असतात.