घानात वीज गेली होती म्हणून

२७ जून २०१७ रोजी न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. क्रेन शाबूत होत्या, माणसं कामावर होती. पण कुठला कंटेनर कोणाचा आणि तो कुठे ठेवलाय, हे सांगणारी संगणक यंत्रणाच बंद पडली होती. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या कंपनीकडे होतं, आणि त्या दिवशी मर्स्कच्या जगभरातल्या कार्यालयांत संगणकांचे पडदे एकामागून एक काळे पडत होते.

या हल्ल्याचं नाव नॉटपेट्या. सुरुवात युक्रेनमध्ये झाली. तिथल्या असंख्य कंपन्या करभरणीसाठी एम.ई.डॉक हे सॉफ्टवेअर वापरत. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष कालवलं. अमेरिका आणि ब्रिटनने २०१८ मध्ये रशियाच्या लष्करावर याचा ठपका ठेवला. घरच्या संगणकाविषयी लिहिताना मी बंदरापासून सुरुवात करतोय, कारण मर्स्कच्या टेबलांवर होतं तेच विंडोज आपल्या घरीही असतं. ज्या भगदाडातून हा किडा, म्हणजे एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरणारा घातक प्रोग्रॅम, पसरला, ते घरोघरच्या विंडोजमध्येही होतं.

ते भगदाड नेमकं काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावरून उघडता यावी म्हणून विंडोजमध्ये एक जुनी सोय होती. बाहेरून आलेली माहिती साठवण्याआधी किती जागा लागेल याचा हिशेब ती करत असे, आणि त्या हिशेबातच चूक होती. समजा, वहीत १,००,२५० असा आकडा आहे आणि तो कमी करून ९९,९८० करायचा आहे. कारकुनाने फक्त शेवटचे पाच अंक खोडून नवे लिहिले आणि डावीकडचा १ तसाच राहू दिला. आकडा झाला १,९९,९८०! कमी व्हायचा तो जवळजवळ दुप्पट झाला. विंडोजमध्ये हेच घडत होतं : ३२ बिटांच्या (बिट म्हणजे संगणकाचा ० किंवा १ हा अंक) आकड्यातले खालचे १६ बिट तेवढे बदलले जात. जागा राखली जाई थोडी आणि माहिती ओतली जाई जास्त. उतू गेलेली माहिती शेजारच्या स्मृतीत शिरे. तिथे काय सांडायचं हे हल्लेखोर आधीच ठरवून पाठवत असल्यामुळे संगणकाचा ताबा थेट त्याच्याकडे जाई.

यात संगणकासमोर बसलेल्या माणसाला काहीच करावं लागत नव्हतं. ‘मी अनोळखी लिंकवर क्लिक करत नाही, मला काय होणार?’ हे वाक्य मी फार जणांकडून ऐकतो. ती सवय चांगलीच आहे, ती सोडू नका. पण अशा किड्यापुढे तिचा उपयोग नाही.

उपयोग होता तो अपडेटचा. मायक्रोसॉफ्टने हे भगदाड १४ मार्च २०१७ लाच बुजवलं होतं. त्यानंतर ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, वॉनाक्राय नावाचा किडा त्याच वाटेने दीडशेहून अधिक देशांत पसरला आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. नॉटपेट्या आला तो तर १०५ दिवसांनी. औषध तयार होतं, ते घेतलं गेलं नव्हतं. आपल्याकडे गल्लीतल्या दुकानात ‘विंडोज टाकून’ आणलेल्या संगणकांवर बरेचदा अपडेट मुद्दाम बंद केलेलं असतं, म्हणजे नकली प्रत उघडी पडत नाही. घरातल्याला त्याचा पत्ताही नसतो. सेटिंग्जमध्ये जाऊन एकदा आजच बघा. विंडोज १० चं नेहमीचं अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, हेही लक्षात असू द्या.

पण अपडेटच विषारी निघालं तर? युक्रेनमध्ये तसंच झालं, त्यामुळे शंका रास्त आहे. मात्र एखाद्या कंपनीच्या अपडेटमध्ये घुसायला फार तयारी लागते. न बुजवलेलं भगदाड मात्र जगातल्या प्रत्येक भामट्यासाठी सताड उघडं असतं. माझ्या मते अपडेट घ्यावंच, आणि त्याच्या धोक्यावर वेगळा उपाय करावा, त्याकडे येतोच.

घरच्या ब्रॉडबँडचा राउटरही मोठं काम करतो. सोसायटीचा वॉचमन जसा ‘कोणी बोलावलंय?’ असं विचारल्याशिवाय आत सोडत नाही, तसा राउटर आतून मागणी न गेलेली माहिती साधारणपणे बाहेरच अडवतो. त्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड मात्र बदला, नाहीतर वॉचमनलाच फितवता येतं.

नॉटपेट्याने आणखी एक चाल केली होती. एका संगणकात शिरल्यावर तो त्याच्या स्मृतीतून पासवर्ड उचले आणि ते वापरून शेजारच्या संगणकात जाई. त्यामुळे भगदाड बुजवलेले संगणकही पडले. घरात याचा अर्थ असा, की रोजच्या कामासाठी सगळे अधिकार असलेलं ॲडमिनिस्ट्रेटर खातं न वापरता साधं खातं वापरावं आणि एकच पासवर्ड सगळीकडे लावू नये.

आता खरं मुख्य. असे किडे फायलींना कुलूप लावतात. वॉनाक्राय १२८ बिटांची किल्ली वापरत असे. अशा किल्ल्यांची संख्या ३९ अंकी आहे, म्हणजे एकेक लावून बघणं अशक्यच. कुलूप उघडून देण्यासाठी तो ३०० डॉलर मागे, तीन दिवसांनी ६००. नॉटपेट्यानेही ३०० डॉलर मागितले, पण ती मागणी नुसता देखावा होती. पडद्यावर दाखवलेल्या ओळख क्रमांकाचा किल्लीशी काही संबंधच नव्हता. पैसे भरणाऱ्यालाही फायली मिळणार नव्हत्या.

मग मर्स्क सावरली कशी? कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे तिचे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते, आणि ते एकमेकांच्या नोंदी सतत जुळवत असत. एक गेला तर बाकीचे आहेत, असा हिशेब. प्रत्यक्षात सगळे एकदमच गेले. उरला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. तिथलं इंटरनेट इतकं संथ, की ती माहिती धाडायला कित्येक दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर त्याने ती सहकाऱ्याच्या हाती दिली आणि तिथून ती लंडनला पोचली. तिच्या आधारे कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले.

आपल्या घरी मर्स्कचीच चूक होत असते. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याच्या स्कॅन प्रती, मुलांची प्रमाणपत्रं संगणकावर असतात आणि ‘बॅकअप’ म्हणून घेतलेली हार्ड डिस्क वर्षभर त्याच संगणकाला लटकलेली असते. किडा तिलाही कुलूप लावतो. क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्येही कुलूपबंद फाइल चांगल्या फाइलची जागा घेते. जुनी आवृत्ती तिथे काही काळ राहत असेल तरच सुटका. विषारी अपडेटवरचा उपायही हाच : संगणकापासून आणि जाळ्यापासून तोडून ठेवलेली प्रत.

एक हार्ड डिस्क घ्या. महिन्यातला एक रविवार ठरवा. ती जोडा, फायली उतरवा, त्यातल्या दोन-चार उघडून बघा, कारण न उघडणारी प्रत अडचणीच्या दिवशीच कळते. मग केबल काढा आणि डिस्क कपाटात ठेवून द्या.